मायच्या वयाचं समीकरण

तुम्ही चहा घ्या, मी माझी फजिती सांगतो. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, शेवटी हसू येईलच असं नाही.

मी खटकचिंचोळीच्या शाळेत गणित शिकवतो. 'रोजच्या जगण्यातली समीकरणं' हा माझा आवडीचा धडा. पोरांना दरवर्षी दम देतो, "एकही पद सोडायचं नाही! उत्तर आलं की ताळा करायचा!"

तर आमच्या मायचा म्हातारपणाच्या पेन्शनचा अर्ज भरायचा होता. साठ पूर्ण पाहिजेत. मायचा जन्म कुठल्याच कागदावर नाही.

"माझे साठ भरलेत की रं," माय म्हणाली.

"पुरावा?"

"पुरावा कशाला? सोळाव्या वर्षी लगीन झालं, अठराव्याला तुझी अक्का. पुढं दर दोन वर्षाला एक लेकरू. तू तिसरा."

"माय, दुसरा! अक्का, मग मी."

"तिसरा."

"तू विसरायलीस आता."

माय उठून आत गेली. मला वाटलं, चूक कबूल केली! शहाणा ना मी?

दुसऱ्या दिवशी मायला घेऊन भालकीची कचेरी गाठली. खिडकीत एक बाई, मागं ही लांब रांग.

"वय कसं धरलंत, अण्णा?"

आता उत्तर घरूनच काढून नेलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! मला रांगेसमोर फळा गाजवायचा होता. खिशातून पेन काढलं आणि अर्जाच्या पाठीवरच सुरू झालो.

"काय करायलाव तुम्ही?" बाई दचकल्या.

"समीकरण! समजा मायचं वय क्ष. माझं अडतीस. अठराव्याला अक्का, पुढं दर दोन वर्षाला एक लेकरू, म्हणजे मी झालो तेव्हा माय अठरा अधिक दोन, वीस. तर क्ष बरोबर अडतीस अधिक वीस…"

रांगेतली दोन माणसं माना पुढं काढून बघत होती. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, तारीख टाकली, वर झोकात सही केली. मग उत्तर वाचलं.

अठ्ठावन्न.

"साठ न्हाईत की हो," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या अव्वाच्या तोंडाकडं बघून अर्ज पुढं सरकवणार होते. आता तुम्हीच सही करून दिलाव. परत न्या." आणि अर्जावर शिक्का बसला.

बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सहज विचारलं, "तुमची अक्का किती वर्षांनी मोठी, अण्णा?"

"चार."

"लेकरं दोन दोन वर्षांनी म्हणालाव ना? मग मधी कोण?"

अहो, हा साधा ताळा! मी गणिताचा मास्तर, आणि तो केला खिडकीतल्या बाईनं.

मायनं पदर नीट केला. "मधी पोरगी झालती," ती म्हणाली. "नऊ दिवस व्हती. नाव ठेवायच्या आधीच गेली. तू तिसरा म्हणले की मी." मग तिनं त्या कागदाकडं बोट केलं. "तुमच्या गणितात मेलेली धरत न्हाईत का रं?"

रांगेतल्या कुणीतरी खोकल्याचा आवाज केला.

अठरा अधिक चार बावीस, अधिक अडतीस, साठ. शाळेचं तोंड न बघितलेल्या मायचं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. बाई म्हणाल्या, आता डॉक्टरचा वयाचा दाखला आणा, नाहीतर दोन वर्षांनी या. बसमध्ये माय खिडकीला बसून घर येईपर्यंत बाहेरची शेतं बघत राहिली. मला मात्र रडू आलं, खोटं कशाला सांगू?

सोमवारी वर्गात तोच धडा होता. एका पोरीनं घरच्या माणसांच्या वयांचं समीकरण सोडवलं, वही पुढं केली. "सर, उत्तर आलं. ताळा करू का?"

"कर बाई," मी म्हणालो. "पण आधी घरी जाऊन मायला विचारून ये."