कुडपण ते गुवाहाटी, दिवेलागणीच्या आत

कुडपणचे महिपती हट्टी आहेत, आणि हे त्यांना मान्य नाही. लेक कुठे द्यायची, याचा त्यांचा एकच नियम: सकाळी म्हशीची धार काढून निघालं की लेकीच्या घरी दिवेलागणीच्या आत पोचलं पाहिजे. त्यांची बहीण मंजुळा लांब घाटावर दिली होती. ती आजारी असल्याचा निरोप आला तसे हे धावले, पण पोचले अंधार पडल्यावर. तोवर सगळं आटोपलं होतं. त्यामुळे या नियमाला कोणी हसत नाही. मीही नाही.

त्यांची पूजा महाडला माझ्या घरी राहून शिकली. तिनं पसंत केला जवळच्याच कापडे गावचा प्रवीण. मुलगा उत्तम, पण नोकरी गुवाहाटीला. महिपती म्हणाले, "नाय." पूजा त्यांचीच लेक. म्हणाली, "आधी जाऊन बघा, मग नाय म्हणा." विमानतळावर सोबत हवी म्हणून मला जुंपलं.

डिसेंबरातली पहाट. धार काढून ते निघाले, महाडला मला गाडीत घेतलं. माणगावात गाडी अडकली. मी चिडले, ते खूश.

"बगा बाई, मुंबईच येत नाय, गुवाहाटी कवा येनार!"

मुंबई ते गुवाहाटी आकाशातून दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि विमानाला लागतात जेमतेम तीन-सव्वातीन तास. हे मी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, बाई पूजाच्या बाजूनं थापा मारतेय. विमानात मात्र खिडकी सोडली नाही. उतरायची सूचना झाली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "येवढ्यात तर आपली यष्टी पनवेललाबी जात नाय!" हरायची एवढी हौस मी दुसऱ्या कोणाला पाहिलेली नाही.

बाहेर आलो तर काळोख. दुकानांत दिवे लागलेले. तिकडे पूर्वेला सूर्य आपल्या आधी मावळतो, हिवाळ्यात तर चांगला दीड तास आधी. मी समजावू लागले. कोण ऐकतंय! प्रवीण घ्यायला आला होता. तो पाया पडायला वाकला, आणि हे त्याच्या डोक्यावरून बघत म्हणाले, "दिवा लागला, बाई. ऱ्हायलं."

प्रवीणच्या खोलीवर गेल्यावर, पोचलो एवढं कळवायला त्यांनी घरी फोन लावला. पलीकडे त्यांची बायको, तुळजाबाई.

"पोचलो. दिवा लावलास काय गो?"

"दिवा? येडे झालाव काय? ऊन हाय अजून. म्हशीपन आल्या नायत चरून."

महिपती फोन कानापासून दूर धरून फोनकडेच बघत राहिले. "ऊन हाय म्हनते!"

"तेच सांगतेय मघापासून!" मी म्हटलं. "पण महिपतराव, तुमचा नियम लेकीच्या घरच्या दिव्याचा. इथला तर लागला." प्रवीणनं माझ्याकडे असं पाहिलं, की चहा मिळायची आशा मी सोडली.

"लगीन कुठं झालंय, बाई?" महिपती म्हणाले. "लेकीचं घर अजून कुडपनच हाय."

लग्नानंतर काय, हे मी विचारलं नाही. कधीकधी मलाही कळतं. त्यांनी पूजाला फोनवर बोलावलं.

"पूजा, दिवा लावायच्या आत पोचलो गो मी," ते ओरडले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. त्यांनी घाईनं फोन ठेवला आणि प्रवीणकडे वळले.

"जावईबापू, च्या टाका. बाईंना साखर कमी."