परका हात

ज्याला हरवायला तुम्ही आला आहात, त्याच्याच कुत्र्याचे दात तुम्ही कधी मोजून दिले आहेत का?

नसतील दिले. मीही दिलेले नाहीत. पण मोजून देणारा एक माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्याविरुद्ध पत्रक काढणाराही मीच.

देवासला हिवाळ्यात एका शाळेच्या मैदानावर हौशी लोकांचा डॉग शो भरायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चुन्याने आखलेला गोल, भोवती दोरी, टेंटहाउसच्या खुर्च्या, लाल कापड घातलेल्या टेबलावर ओळीने कप. परीक्षक म्हणून इंदूरहून कोणीतरी जनावरांचे डॉक्टर यायचे. सकाळी आठलाच स्पर्धक आपापली कुत्री घेऊन दोरीच्या कडेने बसायचे. मग काका यायचे, सगळ्यांचेच काका. एका हातात चिंगीचा पट्टा, दुसऱ्या हातात बादली, खांद्यावर टॉवेल.

चिंगी म्हणजे त्यांची अल्सेशियन कुत्री. बाकीच्यांची टायगर, रॉकी, सीझर. माईकवरून "चिंगी" असा पुकारा झाला की मैदान हसायचं. सगळ्यात आधी काका हसायचे.

चिंगीला कडुनिंबाला बांधून काका रांगेच्या पहिल्या टोकापासून सुरुवात करत. दुसऱ्याच्या कुत्र्यासमोर उकिडवे बसायचे, मूठ त्याच्या नाकापुढे धरायचे आणि म्हणायचे, "परका हात आहे बरं का बाळ. परका." कुत्र्याचं हुंगून झालं की अलगद ओठ वर करून दात मोजायचे, पाठीवरून हात फिरवायचे, एकेक पाय उचलायचे, शेपटी वर करून बघायचे. परीक्षक करतो अगदी तसं. मग हात बादलीत बुडवायचे, टॉवेलला पुसायचे आणि पुढच्याकडे सरकायचे.

कारण साधं होतं. हौशी लोकांची कुत्री घरच्या चार माणसांत वाढलेली. गोलात एकदम कोणी अनोळखी माणूस येऊन जबडा उघडायला लागला की ती गुरगुरतात, आणि गुरगुरलं की बाद. म्हणून काका आधी येऊन परके व्हायचे. एक फेरी साधी, दुसरी फेरी हॅट आणि काळा चष्मा घालून. कोणी विचारलं तर सांगायचे, "भिया, कुत्ता आदमी से नहीं डरता, चश्मे से डरता है."

त्यांच्या या मेहनतीवर दरवर्षी कोणीतरी कप घेऊन जायचं. चिंगी कधीच नाही. तिला जगात परकं असं कोणी राहिलंच नव्हतं. परीक्षक जवळ आला की ती आडवी पडून पोट दाखवायची. काका तिला उठवत म्हणायचे, "अगं, साहेब आहेत ते. पाहुणे नाहीत."

बाकीच्या स्पर्धकांचा स्नेह वेगळ्या जातीचा होता. धामनोदला हायवेवर ढाबा चालवणारे एक शेठ आपला डॉबरमन घेऊन जीपने यायचे. त्याचं नाव रॉकी. धारच्या एक बाई यायच्या, मराठा दरबाराबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यातल्या. त्यांची डॅशहाउंड होती, राणी. दोघं समोरासमोर आले की प्रेमाला पूर यायचा. बाई म्हणायच्या, "आपला रॉकी यंदा काय तेजःपुंज दिसतोय!" शेठ म्हणायचे, "अरे बाईसाब, राणी के आगे हम क्या हैं!" आणि पाठ वळली की शेठ माझ्या कानाशी, "काजल लगाया है उसकी आँख में, देख लेना." बाई माझ्या दुसऱ्या कानाशी, "त्या कुत्र्याला तेल चोपडून आणतात. हात लावून पाहावा, चिकटेल."

माझे दोन्ही कान त्यांच्या सेवेला हजर असत, कारण मी तिथे शत्रूच्या गोटात शिरल्यासारखा हिंडत असे. आमच्या घरी पत्रकं हेच वाङ्मय होतं. वडील कारखान्याच्या युनियनचे. जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर मराठी शिकलो. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मला जगातल्या प्रत्येक गोष्टीत कोणीतरी कोणाचं तरी शोषण करताना दिसत होतं. वस्तीत नळाला दिवसाआड पाणी आणि इथे कुत्र्यांना शाम्पूने आंघोळ, हे चुकीचं आहे असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं. पण तेव्हा मला तेवढ्यावर थांबता आलं नाही.

काका आमच्याच गल्लीतले. साताऱ्याकडून नोकरीसाठी देवासला आलेले, कारखान्यात तपासणी खात्यात. इतरांनी केलेले सुटे भाग मापाचं गेज लावून बघायचे, हे त्यांचं काम. वडील सांगत, गिऱ्हाइकाचा माणूस यायच्या आधी काका गुपचूप चूक दाखवून देतात, त्यामुळे कोणाला मेमो मिळत नाही. हे मी ऐकलं होतं. ऐकून विसरलो होतो.

त्या वर्षी देवासला दोन गोष्टी घडल्या. रॉकी गोलात मधोमध बसला आणि काही केल्या उठेना. आणि चिंगी, कशी कोण जाणे, उभी राहिली आणि तिसरी आली. मी बादलीकडे बघितलं. पाणी गुलाबी होतं.

बस्स. मला पत्रक सापडलं.

तिथे दहा पावलांवर काका उभे होते. "काका, हे पाणी गुलाबी का?" एवढंच विचारायचं होतं. पण उत्तर मिळालं असतं तर पत्रक गेलं असतं. रॉकीने आदल्या दिवशी ढाब्यावर उरलेलं अर्धी परात पनीर खाल्लं होतं, हे मला पुढे शेठच्याच तोंडून कळलं. तेव्हा तेही विचारलं नव्हतं.

महिन्याभराने धारला शो होता. तिथे कोणी यायच्या आधीच मी खुर्च्यांवर पत्रकं ठेवून दिली. "तमाम श्वानप्रेमी नागरिकांनो" अशी सुरुवात. "स्पर्धेपूर्वी प्रतिस्पर्ध्यांच्या कुत्र्यांच्या तोंडात हात घालणारे हे गृहस्थ कोण? त्यांना हा अधिकार कोणी दिला? त्या बादलीतल्या गुलाबी पाण्यात काय आहे?" मी आरोप केला नव्हता, फक्त प्रश्न विचारले होते. ज्यांनी पत्रकं लिहिली आहेत त्यांना ही सोय ठाऊक असेल. प्रश्नाला पुरावा लागत नाही. खाली नाव नव्हतं. "एक जागरूक नागरिक."

पण एक घोटाळा झाला. मातृभाषेतच लिहायचं हा माझा बाणा, त्यामुळे पत्रक शुद्ध मराठीत. आणि दोरीकडेला बसलेल्या निम्म्या लोकांना मराठी वाचता येत नव्हतं. मराठी घरातल्या पोरांनाही नाही. ती हिंदी शाळेत शिकलेली. लोक कागद उलटसुलट करून बघत होते. शेवटी धामनोदच्या शेठनी तो, जाणत्या माणसाकडे द्यावा तसा, काकांकडे दिला.

"काका, ये क्या लिक्खा है, पढ़ के बताओ जरा. अपन को मराठी बाँचनी नी आती."

काकांनी बादली खाली ठेवली. हात पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. एकेक वाक्य मराठीत, मग त्याचं हिंदी. "'हे गृहस्थ कोण?' मतलब, ये सज्जन कौन हैं. म्हणजे मी." लोक हसले. "'त्यांना हा अधिकार कोणी दिला?' मतलब, इनको ये हक किसने दिया." हसू थोडं कमी झालं. पुढचं वाक्य त्यांनी आधी मनात वाचलं. बादलीकडे बघितलं. ते वाक्य गाळता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. त्यांनी ते वाचलं आणि नीट हिंदीत सांगितलं, माझ्याहून चांगल्या हिंदीत.

"लाल दवा है," मग ते म्हणाले. "जंतू मारायची, परमँगनेट. एका कुत्र्याचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून हात धुतो मी. कल पूछते तो कल बता देता."

कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि नेहमीसारखे रॉकीपुढे उकिडवे बसले. मूठ पुढे केली. "परका हात आहे बरं का..."

शेठनी पट्टा हळूच आखडून घेतला. "रेन दो काका. अभी-अभी खाया है इसने."

काका बाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, "आज राहू द्यावं. राणीचा जीव बरा नाही."

पुढच्याचं कुत्रं नुकतंच न्हालेलं होतं. त्याच्या पुढच्याला लस टोचलेली होती. कोणी भांडलं नाही, वाईट शब्द काढला नाही. भांडले असते तर काकांना उत्तर देता आलं असतं. ते रांगेच्या शेवटपर्यंत गेले आणि कोरड्या हाताने परत आले.

त्या दिवशी परीक्षक नवे होते, उंच, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा. रॉकीने त्यांची बाही फाडली. राणी बाईंच्या साडीखाली शिरली ती बाहेर आलीच नाही. एकामागून एक कुत्री गुरगुरत बाद झाली. चिंगी मात्र, आजूबाजूचा गोंधळ बघून थिजली असावी, चारी पाय रोवून उभी राहिली. पहिला नंबर!

आता सांगा, माझ्या पत्रकाला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? ज्यांनी शंका घेतली नव्हती त्यांनीही घेतली. टाळ्या वाजल्या, पण हातमोजे घालून वाजवाव्यात तशा. काकांनी कप घेतला आणि खुर्चीखाली सरकवला. मग बादली उचलली, कडेच्या एका झाडापाशी गेले आणि पाणी ओतून टाकलं. बादलीभर पाणी जमिनीत मुरेपर्यंत तिथेच उभे राहिले.

आठवड्याने मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. कबुली द्यायला शब्द जुळवत होतो, तर तेच म्हणाले, "बैस. तमाम हा शब्द आपल्या गल्लीत तुझ्याशिवाय लिहितो कोण?"

मी बसलो. काकी आतून चहा घेऊन आल्या आणि माझा कप जरा जोरातच ठेवला.

"भाषा चांगली आहे तुझी," काका म्हणाले. "आणखी एक काढ. त्यात लिही, लाल दवा किती घालायची. अर्ध्या बादलीला चिमूटभर. पाणी फिकं गुलाबी दिसलं पाहिजे. लोक मूठभर घालतात, मग जनावराची कातडी जळते. हे लिहिलंस तर उपयोग होईल."

"आणि तुमच्याबद्दल?"

"माझ्याबद्दल झालं की लिहून."

मी दुसरं पत्रक काढलं नाही. आमच्या परंपरेत खुलासा दुसऱ्याकडून मागायचा असतो, स्वतः द्यायचा नसतो. पुढच्या शोच्या आधी काढू, असं मी प्रत्येक शोच्या आधी ठरवत गेलो.

काका येत राहिले. बादलीशिवाय. खुर्चीवर बसायचे, चिंगी पायाशी. सगळे येता-जाता "कैसे हो काका" म्हणायचे, चहा पाजायचे, खुर्ची सावलीत ओढून द्यायचे. कुत्रं तेवढं कोणी जवळ आणत नसे.

एका वर्षी कन्नौदचे एक मास्तर पहिल्यांदाच आले. त्यांना पत्रक ठाऊक नव्हतं. त्यांचं पामेरियन कोणाला जवळ येऊ देईना. मास्तर सरळ काकांपुढे आले. "अंकल, ये दाँत नहीं दिखाता किसी को. क्या करूँ?"

काकांची मूठ आपोआप पुढे गेली. पामेरियनने हुंगलीही. मग काकांनी हात मागे घेतला.

"मेरा हाथ धुला हुआ नहीं है," ते म्हणाले.

शेठ शेजारीच होते. त्यांनी ऐकलं आणि रॉकीचा पट्टा उगीचच सोडून पुन्हा बांधला. बाईंनी ऐकलं. मीही ऐकलं. तिघांपैकी कोणीही एक बादली पाणी आणून ठेवू शकलं असतं. नळ समोरच होता.

पुढच्या हिवाळ्याच्या आत काका गेले. हृदयविकार. तोवर नवं शतक लागलं होतं आणि मी नोकरीसाठी इंदूरला राहत होतो. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर दारात धामनोदची जीप उभी. आत शेठ, बाई आणि दोरीकडेचे आणखी चार-पाच चेहरे. बाई काकींना सांगत होत्या, "त्यांचा हात फिरला की राणी कशी शहाण्यासारखी उभी राहायची!" सगळे माना डोलवत होते. मीही डोलवली.

चिंगी म्हातारी झाली होती. पण दारातून नवीन माणूस आत आला की ती उठायची, त्याच्यापुढे जाऊन चारी पाय रोवून, मान वर करून उभी राहायची. एरवी कोणाहीपुढे आडवी पडणारी कुत्री. पोट दाखवत नव्हती, शेपटी हलवत नव्हती. हात येण्याची वाट बघत होती.

माझ्यापुढेही उभी राहिली. माझा हात उठला नाही.

शेवटी शेठ खुर्चीवरून खाली उतरले. गुडघे दुखत होते, तरी उकिडवे बसले. मूठ तिच्या नाकापुढे धरली. ते मराठी शब्द त्यांनी कित्येकदा ऐकलेले असणार, कसेबसे जुळवून म्हणाले, "परका हात है, बाळ." मग तिचा ओठ वर करून पुटपुटत मोजू लागले.

"अड़तीस," ते म्हणाले. "चार गए, काकी."

काकी म्हणाल्या, "ठाऊक आहे त्यांना. लिहून ठेवलंय." आणि पहिल्यांदाच रडल्या.

मित्रहो, हे ते दुसरं पत्रक. उशिराच निघालं. यावेळी प्रश्न नाहीत, मागणी आहे.

अर्धी बादली पाणी, चिमूटभर लाल दवा, रंग फिका गुलाबी. हिवाळ्यात कुठेही कुत्र्यांची स्पर्धा भरली आणि तुम्ही त्यात असलात, तर सोबत घेऊन जा. हात धुवा आणि शेजारच्याच्या कुत्र्यापुढे बसा. त्याला परका हात माहीत करून द्या. तो जिंकेल कदाचित. जिंकू द्या.

आणि कोणी तुमच्या कुत्र्यापुढे येऊन बसला आणि त्याच्या बादलीची शंका आली, तर विचारा. जरूर विचारा. पण त्यालाच विचारा.