आकडा मुकादमाला सांगायचा

दहावीनंतर मी शाळा सोडली, हे बेंगळुरूच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. टीमच्या मॅडमनी कागद न बघता, काम बघून मला करारावर घेतलं. त्याचं ओझं वाटायचं. करार संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, कुबरनेटिसची ओळख टीमला तूच करून दे. नीट झालं तर तुला कायम करा म्हणायला मला तोंड राहील.

टीमसमोर सुरुवात बरी झाली. आधी कुबरनेटिस, म्हणजे मशीनवरचे प्रोग्राम सांभाळणारी यंत्रणा, तुकड्यातुकड्यानं जोडत बसावं लागायचं. आता लिनक्सवर एकाच पॅकेजात येतं, एक कमांड दिली की बसतं. एका वेबसाइटचे पाच कंटेनर चालवून दाखवले. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं, एकत्र बांधलेलं गाठोडं. मग दोनच ठेवावेत म्हणून तीन बंद केले. ते परत उभे राहिले. पुन्हा बंद केले, पुन्हा पाच. मागून एकजण हिंदीत म्हणाला, याला लिंबू-मिरची बांध. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

आमच्या हदगावकडं माय मुकादम होती, सोयाबीन काढणीला बायांची टोळी न्यायची. विळे, पाण्याचे कॅन, भाकरी, सगळं टोळीसोबत. मालकानं फक्त रान दाखवायचं आणि किती बाया लागतील ते मायला सांगायचं. एखादी तापानं घरी गेली की माय आमच्या बुद्धनगरातून दुसरी आणायची. आकडा मोडू द्यायची नाही. एका वर्षी रान उरकत आलं म्हणून एका मालकानं काही बायांना परस्पर घरी पाठवलं. मायला वाटलं रुसून गेल्या. तिनं नव्या आणल्या. त्यानं त्याही हाकलल्या, तिनं अजून आणल्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नुसती ये-जा. शेवटी माय त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“बायांवर कामून ओरडून राहिले, मालक? किती पाहिजेत ते मला सांगा की.”

बाया पदर तोंडाला लावून लई हसल्या होत्या. मीही.

त्या थंडगार खोलीत मला तो धुरा दिसला, वाळल्या शेंगांचा वास आला. कंटेनर हाकलून काय होणार? पाच हा आकडा मीच मुकादमाला, म्हणजे कुबरनेटिसला, सांगून ठेवलेला. तो दोन केला. तीन कंटेनर गुपचूप गेले, परत आले नाहीत. मग माझ्या नांदेडी हिंदीत मी टोळीची सगळी गोष्टच सांगितली. लिंबू-मिरचीवाल्यानं विचारलं, अख्खी मशीनच बंद पडली तर? म्हणालो, शेजारी दुसरी मशीन जोडलेली असली तर टोळी तिकडं उभी राहते. त्यानं मान हलवली. मॅडम उठताना म्हणाल्या, कायमचं पत्र काढायला सांगते.

बाहेर येऊन मायला फोन लावला. आता तिकडं हार्वेस्टर येतो. तिची टोळी कधीच मोडली. मी घडलेलं सगळं सांगत राहिलो, ती ऐकत राहिली.

“मंग तिथं मुकादम तू हाइस का?”

“न्हाई माय. मुकादम मशीनमंदी हाय. मी आकडा सांगतो.”

“म्हंजी मालक झालास की,” ती म्हणाली. “बायांवर ओरडू नको म्हंजी झालं.”