आईचे पांढरे दात

माझ्या आईचे दात काळे होते, आणि त्या काळ्या दातांनी ती हसली की घरातले सगळे हातातले काम सोडून तिच्याकडे बघत. हे आजच्या मुलींना सांगितले की त्या नाक मुरडतात. मुरडोत बापड्या. आमच्या लहानपणी कर्जत-खालापूरकडच्या लग्न झालेल्या बाया दातांना दातवण लावीत. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून केलेली ती पूड रोज सकाळी बोटाने घासायची, म्हणजे दात जांभळासारखे काळेभोर राहत. जसे कुंकू, जशा बांगड्या, तसे हे दातवण. नवरा गेला की कुंकवाबरोबर तेही बंद व्हायचे, आणि राखेने घासून घासून बाईचे दात हळूहळू पांढरे पडायचे. पांढरे कपाळ आणि पांढरे दात, दोन्ही विधवेचे.

आमच्या घरात असे दात एकाच बाईला होते, ते माझ्या आत्याला. ती बाबांची धाकटी बहीण. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तिचा नवरा गेला आणि ती भावाकडे कायमची परत आली. बाबा तिला ‘बाय’ म्हणत. तिचे दात काकडीच्या बियांसारखे एका ओळीत होते, आणि त्यांची तिला इतकी लाज वाटायची की ती ओठ मिटूनच बोलायची.

आई आणि आत्या यांचे गूळपीठ होते. दोघी एकाच उखळात भात कांडीत, एकीचे मुसळ खाली तेव्हा दुसरीचे वर. आईला कशावरही हसू यायचे. एके दिवशी आत्या शेजारच्या म्हशीची काहीतरी गंमत सांगत होती, आई हसता हसता पुढे वाकली आणि वर येणारे आत्याचे मुसळ तिच्या तोंडावर बसले. वरचा एक दात जागीच पडला, दुसरा अर्धा तुटला. रडली मात्र आत्या. आई तोंडाला पदर लावून तिलाच समजावीत बसली होती.

तेव्हा आमच्याकडे दातांचे काम सोनार करी. कर्जतच्या बाजारातल्या सोनाराने हस्तिदंताचे दोन दात कोरले आणि सोन्याच्या बारीक तारेने शेजारच्या चांगल्या दातांना बांधून दिले. हस्तिदंताला रंग छान धरतो. चार दिवस दातवण घासल्यावर खरे कुठले आणि कोरलेले कुठले हे आईलाही आरशात बघून सांगता येईना. बाबा तर खूष होते. पण त्या तारेने हळूहळू चांगल्या दातांनाच ओढून सैल केले. हस्तिदंतालाही वास येऊ लागला. एकेक करत शेजारचे दात हलले, किडले आणि हिरडीशी तुटून पडले. माझे लग्न होऊन मी खालापूरला गेले तोवर आईच्या वरच्या ओळीत समोर काही उरले नव्हते, नुसती काळी मुळे तेवढी हिरडीत होती.

हसरी बाई ती, पण हसायची बंद झाली. हसू आलेच तर पदर आधी तोंडावर जायचा. सगळ्यांची जेवणे झाल्यावर चुलीकडे तोंड करून ती भात कालवून गिळायची. मी माहेरी गेले की दर वेळी तिच्या बांगड्या कोपराकडे जास्त सरकलेल्या दिसत. बाबांना ते बघवेना. त्यांची तशी फार मोठी मागणी नव्हती. बायकोने पूर्वीसारखे समोर बसून जेवावे आणि तोंडभर हसावे, एवढेच त्यांना हवे होते. पुढची सगळी वर्षे ते त्याच्याच मागे होते.

बाबा कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर मुकादम होते. तिथे एक गोरा गार्ड यायचा. घाटात गाडी चढवायला मागे इंजिन जोडेपर्यंत तो नळावर जायचा, वरची दातांची अख्खी ओळ काढून हातात घ्यायचा, खळखळून धुवायचा आणि परत बसवायचा. हमाल भुताटकी बघितल्यासारखे दूर पळत. बाबा मात्र जवळ गेले आणि खाणाखुणा करून मुंबईच्या दातांच्या डॉक्टरचा पत्ता काढून आले. त्यांच्या डोक्यात काही शिरले की ते निघणे कठीण.

आई परक्या पुरुषापुढे तोंड उघडायला तयार नव्हती. मी बरोबर येते म्हटल्यावर कशीबशी निघाली. डॉक्टर सभ्य होता. त्याने आरसा घालून बघितले आणि बाबांना नीट समजावून सांगितले. मुळे चांगली असती तर त्यांतच खुंटी ठोकून वर एकेक दात बसवता आला असता, पण ही कुजली आहेत, काढावी लागतील. मग हिरडी भरली की पट्टी करता येईल, सोन्याची किंवा रबराची. रबर भाजून कडक करतात, ते टाळूला चिकटून राहते आणि त्यावर चिनी मातीचे दात बसवतात. बाबांनी रबराची पट्टी ठरवली. मुळे उपटताना आईने माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या, पण तोंडातून आवाज काढला नाही.

हिरडी भरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरने पांढरा लगदा पाण्यात कालवून एका पळीसारख्या साच्यात भरला, आईच्या तोंडात दाबला आणि घट्ट होईपर्यंत हलू नका म्हणून सांगितले. मग बाबांपुढे त्याने एक पत्रा धरला. त्यावर नमुन्याचे दात ओळीने लावलेले होते, एका टोकाला शुभ्र, दुसऱ्या टोकाला पिवळट. कुठला रंग हवा? बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी सगळ्यांत शुभ्र दातावर बोट ठेवले.

आईचे डोळे मोठे झाले. ती हात हलवू लागली. तोंडात साचा, बोलणार काय? बाबांना वाटले दुखतेय. ते म्हणाले, “जरा दम धर गं, झालंच.” आणि मीही मठ्ठ, मलाही वाटले दुखतेय. बाबा असले तरी मला अजून त्या माणसाचा राग येतो. लग्नापासून ज्या बाईचे दात काळेच बघितले, काळेच आवडले, तिच्यासाठी दात निवडताना त्याला आठवले ते स्वतःचे. पुरुषाला चांगला दात म्हणजे पांढरा दात. त्यात काही वाईट असेल हे त्याच्या मनातही आले नाही.

दात घरी आले. पितळी डब्यात पाण्यात ठेवलेले, लालसर हिरडीवर शुभ्र ओळ. आईने बघितले आणि झाकण लावले.

“एकदा घाल की,” बाबा म्हणाले. “मला बघू दे.”

“तुमी असताना? नाय वो. मी नाय घालायची.”

बाबांना कळायला वेळ लागला. कळले तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि मग सवयीप्रमाणे त्यांनी थट्टा केली. “म्हंजे मी गेल्यावर घालनार व्हय?”

आईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आत्या दारात उभी होती. ती कधी कुणाच्या मध्ये बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. “वयनी, माज्यासारखं तोंड करून घेऊ नको गं. तुला देवानं दिलंय ते असू दे.”

बाबा बिचारे पुन्हा मुंबईला गेले आणि डॉक्टरला म्हणाले, काळे दात द्या. डॉक्टर आधी हसला, मग त्याला वाईट वाटले. दात विलायतेहून घडून येतात, म्हणाला, तिकडे काळे कुणी घडवीत नाही. मग आईने स्वतःच कंबर कसली. एका दुपारी आम्ही तिघी डबा घेऊन ओसरीवर बसलो आणि त्या दातांना दातवण घासले. हिराकस वाढवली, लोखंडाचा कीस घातला, रात्रभर भिजवून ठेवले. अळवाच्या पानावर पाणी ठरावे तितकेच ते त्या दातांवर ठरले. काळी झाली ती फक्त रबराची हिरडी. दात होते तसेच शुभ्र. ते रूप बघून आम्हांला हसू आवरेना. आई पदराआड पोट धरून हसली, आणि हसता हसताच रडू लागली.

पुढे काही वर्षे तसेच चालले. आईने दात घातले नाहीत आणि टाकलेही नाहीत. डॉक्टरने सांगितले होते म्हणून डब्यातले पाणी मात्र ती रोज न चुकता बदलायची. बाबा अधूनमधून विचारायचे, ती मान हलवायची. आत्या तेवढ्यापुरती उठून परसात जायची.

मग एका भादव्यात बाबा तापाने पडले. मला निरोप आला तशी मी गाडी जुंपून खालापूरहून आले. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप, आणि मधूनमधून बडबड. हमालांना हाका मारायचे, इंजिन जोडा म्हणायचे. वैद्याने काढा दिला, पण आम्हांला धीर दिला नाही.

एके सकाळी ते शुद्धीवर आले. आईकडे बघून अगदी नीट म्हणाले, “आता तरी दाखव गं. एकदा हसून दाखव.”

आईने आत्याकडे बघितले. इतकी वर्षे अडवणारी आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “घाल वयनी. जा.”

आई आत गेली. तिला बराच वेळ लागला. नंतर कळले की एवढ्या वर्षांत हिरडी झिजली होती आणि पट्टी बसेना, जिभेने दाबून धरावी लागत होती. ती बाहेर आली. खिडकीच्या उजेडात अंथरुणाशी बसली, पदर खांद्यावर टाकला आणि तोंडभर हसली. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. गाल भरले होते, ओठ वर आले होते. माझी आई सुंदर दिसत होती. जिवंत नवऱ्यासमोर ती विधवेचे तोंड घेऊन बसली होती.

बाबांनी खूप वेळ बघितले. तापाने डोळे लाल झाले होते.

“बाय,” ते म्हणाले, “तू कशाला आलीस गं? तिला बोलव.”

त्या घरात पांढरे दात एकाच बाईचे होते. त्यांना बहीणच दिसली.

“अवं, मीच हाय,” आई म्हणाली. पट्टी सुटत होती, शब्द नीट निघाले नाहीत.

“तू नको गं बाय. तिला सांग, मी एवढं मागतोय. एकदा दात घालून ये म्हनावं.” ते चिडले आणि त्यांनी मान फिरवली.

आई धडपडत उठली, आत गेली, आणि दात काढून परत आली. तिने त्यांचा चेहरा हातांत धरून आपल्याकडे वळवला. ते रिकामे तोंड त्यांनी तत्काळ ओळखले. किती बरे वाटले त्यांना ते दिसत होते.

“आलीस?” ते म्हणाले. “नाय घातलेस ना शेवटी. हट्टी गं तू.”

रागाने नाही, लाडाने म्हणाले. मग डोळे मिटले. आई म्हणत राहिली, “घातले वो, घातले हुते.” मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितले, बाबा, आईने दात घातले होते, ती आईच होती. आत्यानेही सांगितले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. दिवस मावळायच्या आत ते गेले.

दिवसपाणी उरकल्यावर आत्याच डबा घेऊन आईजवळ आली. “आता घाल गं वयनी. आता कोन काय बोलनार नाय. नीट जेव तरी.” आईने डबा घेतला, पाणी बदलले आणि फळीवर ठेवून दिला.

ती त्यानंतर बरीच वर्षे जगली. मी माहेरी गेले की तिला भात कालवून भरवायची. दोन घास झाले की ती माझे मनगट धरायची.

“मी घातले हुते ना गं?”

“हो आई.”

“तू बघितलंस ना?”

“बघितले. फार छान दिसत होतीस.”

ती मान डोलवायची. तोंडातला घास गिळायची. मग लहान मुलीसारखी माझ्याकडे बघून विचारायची, “मग त्यांना कशी गं नाय दिसले मी?”