उभे रकाने

लष्कराच्या बदली विभागात त्याला सगळे गुणगुण्या म्हणायचे. टाइपरायटरसमोर बसला की त्याच्या ओठांवर चाल आलीच म्हणून समजा. बोटं त्या चालीवर पडायची आणि ओळ संपताना वाजणारी घंटी समेवरच यायला हवी असा त्याचा हट्ट. डोक्यात तर अख्खा जलसा चालायचा. टकले हेडक्लार्क फायली उडवत नाचतायत, मिशाळ कर्नल टेबलावर चढून ताना घेतायत, आणि समोरच्या आवक-जावक टेबलावर प्रत्येक पाकिटावर ठक करून शिक्का मारणारी शिक्केवाली ही त्या जलशाची नायिका. तिच्या शिक्क्यावर आपला ताल चालतो आणि आपल्या तालावर तिचा शिक्का, असं त्याला मनापासून वाटायचं. तिला काय वाटतं ते त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरं काही नाही.

मग तिचं लग्न ठरलं, तेही लंबूशी. लंबू त्याच कचेरीतला कारकून, गुणगुण्याच्या खोलीतला भागीदार, खाटेबाहेर वीतभर पाय काढून झोपणारा, स्वभावाने इतका सरळ की त्याच्यावर धड जळताही येईना. बातमी सांगताना त्याने गुणगुण्यालाच मिठी मारली. गुणगुण्याने तोंडभरून अभिनंदन केलं आणि त्या दिवशी एका पत्रात सात चुका केल्या.

आता यादीचं. दर महिन्याला बदल्यांची यादी निघायची. हेडक्लार्कचा नियम होता की यादी आडवी टाइप करायची: माणसाचं नाव, त्याचा क्रमांक, त्याच्यापुढे बदलीचं ठिकाण, मग खालचा माणूस. पण नावं असतात लांब-आखूड, ताल मोडतो. म्हणून गुणगुण्या यादी उभी टाइप करायचा. आधी नावांचा रकाना वरपासून खालपर्यंत, मग कागद पुन्हा वर फिरवून नुसत्या ठिकाणांचा. काम अर्ध्या तासाने लवकर व्हायचं, त्यामुळे हेडक्लार्कही कानाडोळा करायचे.

त्या सोमवारी यादीत सतरा जण होते. पंधराव्या ओळीशी गाण्याचं ध्रुपद आलं, आणि ध्रुपद तो नेहमी दोनदा घोळवायचा. बोटांनीही तेच केलं. पंधराव्याचं ठिकाण दोनदा उमटलं, सोळाव्याचं सरकून सतराव्यासमोर गेलं, आणि सतराव्याचं कुठेच उतरलं नाही. रकाना खालपर्यंत भरलेला दिसत होता. पाच वाजले, शिक्केवाली पर्स उचलत होती. तिच्याबरोबर जिना उतरायला मिळावा म्हणून त्याने कागद ओढून काढला. हेडक्लार्कनी नुसत्या ओळी मोजल्या. कर्नल वाचून सही करतात असा आरोप तर त्यांच्यावर शत्रूनेही केला नसता.

मंगळवारी यादी फळ्यावर लागली. शेवटचं नाव लंबूचं, आणि त्यासमोर डोंगरावरची चौकी. तिथे सहा महिन्यांत दोन कारकून गेले होते. एकाचा पत्ता नव्हता, दुसऱ्याचं सामान परत आलं होतं. ते गुणगुण्यानेच नोंदवून घेतलं होतं: एक वस्तरा, एक कंगवा, दोन मोजे, त्यातला एक भलत्याच कोणाचा. लंबूच्या वरचं नाव गुणगुण्याचं होतं, त्याला शेजारच्या गावातला सामानाचा डेपो मिळाला होता. त्याला लंबूचं वाईट वाटलं, पण आपण सुटलो म्हणून हायसंही वाटलं.

दुपारी तीन वाजता हेडक्लार्कनी हाताने लिहिलेला यादीचा कच्चा कागद गठ्ठ्यात लावायचं काम त्याच्याकडे आलं. सही आधी आणि पडताळणी नंतर, अशी तिथली रीत. त्याने कोपऱ्यात ‘पडताळलं, मंगळवार, दुपारी तीन’ असं लिहून सही ठोकली, आणि मग सहज पट्टी ठेवून पाहिलं. सोळावा तो स्वतः: डोंगरावरची चौकी. सतरावा लंबू: याच कचेरीत, दुसऱ्या टेबलावर. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच यादी आडवी वाचली होती.

रकाना चुकला तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. मंगळवारी दुपारी तीननंतर मात्र ते आलं. कारण कच्चे कागद गुरुवारी पाच वाजता फाडून टाकायचे असत, आणि ते फाडण्याचं कामही त्याचंच होतं. काही करायला नको, कोणाशी खोटं बोलायला नको. फक्त आपलं रोजचं काम करायचं.

समोर शिक्केवाली बसली होती. एका पाकिटावर तिने शिक्का उलटा मारला, तिथेच पुन्हा सुलटा मारला, आणि मग नुसतीच शिक्क्याकडे बघत राहिली. संध्याकाळी खोलीवर लंबू सामान बांधत होता. आपली जाड उशी त्याने गुणगुण्याच्या खाटेवर ठेवली, तिकडे एवढी मोठी नेता येणार नाही म्हणाला. मग बराच वेळ दोरीची एकच गाठ मारत-सोडत राहिला.

“तू जवळच असशील ना, डेपोत,” तो म्हणाला. “अधूनमधून तिला भेटत जा. ती दाखवत नाही, पण घाबरते.”

गुणगुण्याने मान हलवली.

बुधवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला. वडील लढाईत गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताईनेच त्याला वाढवला, आणि हातापाया पडून त्याला शिपायाऐवजी कारकुनात घुसवला तोही तिनेच. ती त्याच्या सदऱ्याची बटणं घट्ट करत होती. त्याने विचारलं, समजा माझी बदली पुढे कुठे झाली तर? ताईची सुई थांबली. “तू टेबलावर बसतोस म्हणून मला झोप लागते,” ती म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

गुरुवारी तो यंत्रासमोर बसला. ओठांवर चाल येईना. डोक्यातले कर्नल टेबलावरून उतरून गेले होते. साडेतीनला त्याने दुरुस्तीची चिठ्ठी काढली. ‘चुकीचं कारण’ या घरात त्याने लिहिलं: गाणं. ‘चूक केव्हा लक्षात आली’ या घरात लिहिलं: आज. हेडक्लार्कनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, गाणं असं कारण नियमात नाही म्हणाले, स्वतःच्या हाताने खोडून ‘दुर्लक्ष’ केलं आणि सही केली. कर्नलनी न वाचता सही केली. आता राहिला जावक शिक्का. त्याशिवाय चिठ्ठी लागू होत नव्हती.

त्याने चिठ्ठी आणि कच्चा कागद तिच्यापुढे ठेवला. दोन दिवस मनात त्याने हा प्रसंग नाना तऱ्हांनी रंगवला होता. ती रडेल, आपला हात हातात घेईल, निदान एवढं तरी म्हणेल की तुझ्यासारखा माणूस नाही. तिने वाचलं. तिचा चेहरा आधी उजळला, हात शिक्क्याकडे गेला. पण दिवसभर तारखाच बघणारी बाई ती. तिची नजर कच्च्या कागदाच्या कोपऱ्यावर थांबली.

“इथे मंगळवार आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“मी दोन दिवस तुझ्यासमोर बसले होते.”

त्याला सांगायचं होतं की दोन दिवस आपणही बसलो होतो, ताई आहे, ते मोजे आहेत. तिने चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली आणि खरा दिवस लिही म्हणाली. त्याने ‘आज’ खोडलं आणि ‘मंगळवार’ लिहिलं. तिने ठक करून शिक्का मारला, आपली प्रत काढून घेतली आणि लंबूला शोधायला जवळजवळ धावतच बाहेर गेली. त्याला राग यावा असं तिने काही केलं नव्हतं, आणि हेच त्याला फार लागलं.

तो जागेवर परतला. सुधारलेली यादी पाचच्या आत फळ्यावर लागायची होती. त्याने कागद चढवला आणि एकेक ओळ आडवी टाइप करत गेला. सोळाव्या ओळीला आपलं नाव टाइप केलं, क्रमांक टाइप केला, आणि मग एकेक अक्षर बघत चौकीचं नाव टाइप केलं. ओळीच्या शेवटी घंटी वाजली.