नऊ सेकंदांचे बाबा

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला शाळेत वह्या तपासत होते. "ताई, हे खुर्चीतच गेले," वहिनी एवढंच म्हणाली. सौंसरच्या दुकानात लग्नाचे व्हिडिओ जोडायला तो ज्या खुर्चीत बसायचा, ती खुर्ची. माझा धाकटा भाऊ... आमच्या घरात आधी जायची पाळी माझी होती.

मास्तरीण असल्यामुळे मी त्याला आयुष्यभर बोलले. "लोकाईची लग्नं कापत बसते, हा का धंदा हाये?" असं तोंडावर म्हटलं होतं. तो हसायचा आणि माउस फिरवत राहायचा. त्याची खरी किंमत मला फार उशिरा कळली, रामाकोन्याच्या एका लग्नामुळे.

लग्नानंतर महिनाभरातच त्या नवरीमुलीचे वडील वारले. जोडलेल्या सगळ्या व्हिडिओत ते सापडले फक्त नऊ सेकंद, पाण्याचा जग घेऊन लगबगीने पंगतीकडे जाताना. घरच्यांना ते जास्त वेळ दिसावेत म्हणून सुधीरने क्लिपचा वेग निम्म्यावर आणला. नऊची अठरा सेकंदं झाली, वर सनई लावली. मायलेकी पाहायला आल्या तेव्हा मी दुकानातच होते. आईने डोळ्यांना पदर लावला. मुलगी मात्र अवघडून म्हणाली, "भाऊ, हे माझे बाबा नाही वाटून राहिले जी. बाबा असे हळू कधी चाललेच नाही."

दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. सुधीरने कान पकडले. "चुकलं बाई माझं." वेग पूर्ववत केला, सनई काढली आणि क्लिपची कड धरून उजवीकडे ओढली. "कापलेलं कुठी जात नाही, ताई," तो मला म्हणाला, "कडेच्या आड लपून राह्यते." कॅमेरा हलला म्हणून त्यानेच छाटलेली पाच सेकंदं बाहेर आली. त्यांत ते गृहस्थ थबकले, वळले आणि मांडवात बसलेल्या लेकीला ओरडून म्हणाले, "जेवली का वं माय?"

ती मुलगी पडद्याकडे बघून "हो बाबा" म्हणाली. माझ्या भावाच्या हाताला काय येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याला मात्र मी हे कधी म्हटलं नाही. याचं वाईट वाटतं.

तेरवीला त्याच्या पल्लवीने बापाचा व्हिडिओ केला होता. दुकानातला सुधीर, संथ, स्वप्नातल्यासारखा, मागे बासरी. सगळे मुसमुसत होते. मला राहवेना. "पल्लवी, तुझा बाप असा होता का वं?" तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, बासरी बंद केली आणि वेग होता तसा केला. खोलीभर त्याचा तोच घाईचा, वैतागलेला आवाज आला, "ताई, सरक ना थोडी! स्क्रीन दिसून नाही राहिली मले!"

आणि मी खरंच सरकले.