पॉलिशकाकांनी घेतलेला राजीनामा

पॉलिशकाका दिवसातून निदान एकदा तरी कुणाचा ना कुणाचा राजीनामा मागायचे. दूध नासलं, की बूथवाल्याने राजीनामा द्यावा. मंडळाच्या गणपतीत मोदक कमी पडले, की खजिनदाराने द्यावा. "चूक झाली ना? मग खुर्ची सोडा! माफी कसली मागता?" हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे, की समोरच्याला हसायची सोय नसे. आणि माणूस नुसता बोलघेवडा नव्हता हं. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी असताना एकदा पाण्याची टाकी दिवसभर भरून वाहत राहिली, तर यांनी तीन प्रतींत टाइप करून स्वतःचाच राजीनामा नोटीसबोर्डावर लावला. सोसायटीने तो मनापासून स्वीकारला.

पॉलिशकाका हे नाव त्यांच्या गाडीमुळे पडलं. कर्नालजवळच्या एका फार्मवर त्यांना ती सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती गाडी, गंजून चाळण झालेली. काकांनी ती ट्रकवर घालून आणली आणि पुढची अकरा वर्षं प्रत्येक रविवार तिच्यावर घालवला. काश्मिरी गेटचा एक म्हातारा मिस्त्री इंजिन बघायचा. बाकी सगळं काका. दाराच्या एका मुठीसाठी ते दोन वर्षं भंगार बाजार धुंडाळत होते. शेवटी गाडी हस्तिदंती रंगात उभी राहिली तेव्हा काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नाही हो यांनी." काका म्हणाले, "तुला गंज नाही ना लागत." खिशात पिवळं फडकं कायम तयार. कुणाशी बोलता बोलताही बॉनेट पुसत राहायचे.

दिल्लीत पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली, पण हिंदी काही त्यांना वश झाली नाही. ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी, हिंदी फक्त भाजीवाल्यापुरती, आणि तीही अशी, की "भेंडी कोवळी है क्या?" विचारलं की भाजीवाला माझ्याकडे बघायचा. मी सांगायचे, "भैया, नरम, कच्ची." काकांना वाटे, चुकतोय तो भाजीवाला. "अगं वसू, राष्ट्रभाषा म्हणवते आणि कोवळीला शब्द नाही म्हणजे काय!"

मी तेव्हा एका विमा कंपनीत असिस्टंट होते, तिशीतली. ते दिवस कसले विचित्र! यमुनेपलीकडे, हायवेच्या कडेने, जिकडे बघावं तिकडे नवी उपनगरं उगवत होती. घरं कागदावर, पण बोर्डावर गोरी बाई कारंज्यापाशी हसतेय. रोज नवी गाडी बाजारात, आणि कालची गाडी लगेच लाज वाटण्याजोगी. आमच्याच सोसायटीतले लोक काकांना म्हणत, "अरे यार काका, या डब्याच्या जागेत दोन नव्या गाड्या बसतील." काका ऐकून घ्यायचे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून मीच हट्टाने तिचा विमा काढून दिला. जुन्या गाडीचा साधा विमा असला, की कंपनी दरवर्षी तिची किंमत कमी धरत जाते. शेवटी ती भंगाराच्या भावाने मोजली जाते. पण दुर्मीळ गाड्यांसाठी वेगळी सोय होती. तज्ज्ञाचा दाखला घ्यायचा, किंमत आधीच दोघांनी मिळून ठरवायची, आणि गाडी गेली तर तेवढी भरपाई द्यायची. आमच्या शाखेत असं कुणी कधी केलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "मॅडम, कबाड़ का बीमा?" मी नियमपुस्तक काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. काकांना समजावून सांगितलं तेव्हा केवढे खूश झाले! "म्हणजे हिचं वय वाढेल, पण मान कमी होणार नाही. वा गं वसू!"

त्या संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या युद्धस्मारकाला, निघाली होती, दरवर्षीसारखी. काका म्हणाले, आपण या वेळी गाडीने. पुढे काका-काकूंची हस्तिदंती गाडी, मागे आमची बस. धुकं विरत आलं होतं. हायवेवर एका नव्या कॉलनीच्या गेटमधून एक भली मोठी परदेशी गाडी न थांबता बाहेर आली आणि काकांच्या गाडीला बाजूने अशी धडकली, की ती फिरून कडेच्या झाडावर गेली. मी बसच्या पहिल्या सीटवर होते. त्या गाडीच्या स्टिअरिंगवरून उतरलेला माणूस मी बघितला. हातात सोन्याचं कडं, पांढरे बूट. त्या कॉलनीचा बिल्डरच होता तो. चार पावलं चालला, बाजूच्या सीटवरच्या ड्रायव्हरला खाली ओढलं आणि म्हणाला, "तू चला रहा था, समझा?" शी! इतक्या वर्षांनीही ते कडं आठवलं की घास उतरत नाही माझ्या घशाखाली.

काकांच्या कपाळाला लागलं होतं, ते सुन्न बसले होते. त्यांनी यातलं काही बघितलं नाही. काकूंचा हात मोडला. त्यांना घेऊन मी दवाखान्यात गेले आणि काका एकटे पोलीस चौकीत. तिथून तासाभराने आले ते डोक्याला पट्टी, पण चेहरा समाधानी.

"राजीनामा घेतला," म्हणाले.

"कुणाचा?"

"त्या ड्रायव्हरचा. मालक सज्जन निघाला. हवालदार म्हणाला, ड्राइवर का राज़ीनामा करवा देते हैं, आप साइन कीजिए. मी म्हटलं, बिल्कुल! चूक झाली, नोकरी सोडली, विषय संपला. वर ठळक अक्षरात लिहिलंय बघ, राजीनामा."

मी कागद हातात घेतला आणि खालपर्यंत वाचला. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तिकडे राज़ीनामा म्हणजे आपसातली तडजोड. खाली गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, की दोन्ही पक्षांत समझोता झाला आहे, मला नुकसानीबद्दल दुसऱ्या पक्षाकडून काहीही नको, मी पुढे कोणतीही कारवाई करणार नाही. खाली काकांची सही, त्यांची ती लफ्फेदार, तारीख घातलेली सही. समोरच्याला असं मोकळं सोडलं, की त्याच्याकडून नुकसान वसूल करायचा विमा कंपनीचा हक्कच बुडतो, आणि मग कंपनी आपल्या माणसालाही हात वर करून दाखवते. रोज असल्या फायली बघत होते मी.

मी सांगितलं तेव्हा काकांनी कागद परत मागून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे राजीनामा मीच दिला म्हण की." आणि कागदाची घडी घालत, "काकूला सांगू नकोस."

काश्मिरी गेटचा मिस्त्री येऊन गाडी बघून गेला. चेसिसवरून हात फिरवून म्हणाला, "सीधी हो जाएगी, साहब. बीमे का पैसा आने दो, मैं फिर खड़ी कर दूँगा." काकांचा सगळा जीव त्या एका वाक्यावर टांगलेला होता. पेन्शनमधून ते होणं शक्य नव्हतं. रोज संध्याकाळी विचारायचे, "वसू, फाइल कुठवर आली?"

फाइल साहेबांच्या टेबलावर होती. बिल्डरने आमच्याच शाखेत आपल्या सगळ्या कॉलनीचा विमा आणून दिला होता, त्याच आठवड्यात. मी साहेबांना सांगितलं, स्टिअरिंगवर मालक होता, मी डोळ्यांनी बघितलंय. काकांना कागद समजलाच नव्हता. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "लिख के दोगी? पॉलिसी भी आपने करवाई, पड़ोसी भी आप, गवाह भी आप. विजिलन्स पूछेगा तो? और अगले महीने ऑफिसर की लिस्ट आ रही है." मी चहा प्यायले. लिहून दिलं नाही. लोकांना नावं ठेवते मी, बिल्डरला, साहेबांना, हवालदाराला. त्यांची किळस येते हे खरंच आहे. पण तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि त्याची जी किळस येते ती निराळी. महिन्याभराने बढतीची लिस्ट लागली. माझं नाव तिच्यात होतं.

गाडी भंगारवाल्याने तुकडे करून नेली. काका खाली आले नाहीत. पुढे दोघं पुण्याला भाचीकडे राहायला गेले, आणि चार वर्षांनी काका गेल्याचा फोन आला. काकू म्हणाल्या, "तुझी फार आठवण काढायचे गं. वसूने खूप खटपट केली म्हणायचे."

दावा नामंजूर झाल्याचं पत्र न्यायला काका स्वतः ऑफिसात आले होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर खूण. माझ्या टेबलापाशी उभ्यानेच त्यांनी ते सावकाश वाचलं. आयुष्यभर इंग्रजी मसुदे केलेला माणूस. शेवटच्या ओळीपर्यंत येऊन त्यांनी मान डोलावली.

"भाषा स्वच्छ आहे. कुठे बोट ठेवायला जागा नाही. कुणाचा ड्राफ्ट?"

"साहेबांचा," मी म्हणाले.

"हुशार आहे माणूस," काका म्हणाले, आणि पोचेवर सही करायला त्यांनी माझं पेन मागितलं. ड्राफ्ट मी केला होता, त्याच पेनाने.